अक्षांश ९१ वरची जहाजं आणि गाळात रुतलेला स्पेशियल इंडेक्स

सागरवेध
सोमवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. पोस्टजीआयएसमध्ये (पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये नकाशावरच्या जागा साठवायची सोय) अडकलेय, जाणकारांनी हात द्यावा.

रत्नागिरीत भगवती बंदराच्या वरच्या अंगाला आमचं घर आहे आणि गच्चीवर मी एआयएसचा रिसीव्हर लावलाय. जहाजं आपली जागा, वेग, दिशा रेडिओवरून सांगत असतात. ते ऐकायचं, पायथॉनने उलगडायचं आणि पोस्टग्रेसमध्ये भरायचं, एवढाच उद्योग. दोन-तीन शिपिंग एजंट माझा नकाशा वापरतात. त्यांनी आखून दिलेल्या क्षेत्रात जहाज शिरलं की त्यांना मेसेज जातो. जागा मी थेट वेब मर्केटरमध्ये (वेब नकाशांची सपाट, मीटरमधली पद्धत, क्रमांक ३८५७) साठवते. नकाशाच्या टाइल (चौकोनी तुकडे) काढताना दर वेळी रूपांतर करायला नको म्हणून. कॉलमवर साधा जिस्ट इंडेक्स आहे, म्हणजे जागेवरून ओळी पटकन शोधायची सोय. दोन महिन्यांच्या १.९ कोटी ओळी झाल्यात.

तक्रारी तीन आहेत, एकमेकींशी संबंध आहे की नाही ते कळत नाही.

पहिली, जयगडच्या एका धक्क्याभोवती २०० मीटरची चौकट टाकून क्वेरी मारली की पूर्वी डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर यायचं. आता चार-पाच सेकंद लागतात. प्लॅनमध्ये इंडेक्स वापरलेला दिसतो, तरीही.

दुसरी, मधूनच नकाशावरची सगळी जहाजं गायब होतात. एखाददुसरं नाही, सगळी. ब्राउझर म्हणतो जेसन (जहाजांची यादी ज्या स्वरूपात त्याला जाते ते) चुकीचं आहे.

तिसरी, एका एजंटाने क्षेत्र म्हणून ‘सगळीकडे’ निवडलंय, म्हणजे अख्खं जग. त्याला एकही मेसेज जात नाही! छोटी क्षेत्रं घेतलेल्यांना व्यवस्थित जातात.

व्हॅक्यूम, ॲनलाइझ (डेटाबेसची साफसफाई) करून झालं.


चहा_आणि_कोड
सोमवार, रात्री ११.३२

रीइंडेक्स मारून बघ, म्हणजे इंडेक्स नव्याने बांध. इंडेक्स फुगला असेल.


सागरवेध
सोमवार, रात्री ११.४५

मारलं होतं मागच्या आठवड्यात. दोन दिवस छान चाललं, मग परत तेच.


बापू_सांगली
मंगळवार, सकाळी ६.०५

रीइंडेक्सनं दोन दिवस बरं वाटलं म्हणजे ती तापावरची गोळी झाली. ताप कशाचा आलाय ते बघूया. ताई, एक काम करा. जहाजांच्या टेबलात एसटी_एक्स आणि एसटी_वाय (बिंदूचे एक्स, वाय देणारी फंक्शनं) यांची कमाल-किमान काढा. क्षेत्रांच्या टेबलातही, कोपरे सुटे करून, काढा. जसं येईल तसं इथं डकवा. दुरुस्ती करायला जाऊ नका, नुसतं डकवा.


सागरवेध
मंगळवार, सकाळी ९.२०

काका, ‘अहो ताई’ नको, मी सत्तावीसची आहे.

जहाजं: वायची कमाल ‘नॅन’ (‘हा आकडाच नाही’) आली! किमान ठीक आहे. एक्सची कमाल २०१४८८२७.८३.
क्षेत्रं: वायची किमान ‘उणे इन्फिनिटी’, कमाल २३.८ कोटींच्या आसपास.

वाय नॅन असलेल्या ओळी मोजल्या, ६१ हजार निघाल्या. सगळ्यांचा एक्स तोच, २०१४८८२७.८३. म्हणजे ६१ हजार जहाजं एकाच रेषेवर? डोकं चालेना. कोडमध्ये तर मी ‘वाय मर्यादेपेक्षा मोठा किंवा लहान असेल तर ओळ टाकून दे’ अशी तपासणी लिहिली आहे.


बापू_सांगली
मंगळवार, सकाळी ११.४०

बरं, मग अगं-तुगं. पोथी लांब आहे, चहा घेऊन बस.

तुझ्या एक्सच्या आकड्याला १११३१९.४९ ने भाग. वेब मर्केटरमध्ये विषुववृत्तावरचा एक रेखांश एवढ्या मीटरांचा असतो. उत्तर बरोबर १८१ येईल. आता एआयएसचं प्रमाण उघडून बघ: रेखांश माहीत नसेल तर १८१ पाठवायचा, अक्षांश माहीत नसेल तर ९१. वेग माहीत नसेल तर १०२.३ नॉट, मार्ग माहीत नसेल तर ३६०, नाकाची दिशा माहीत नसेल तर ५११. जीपीएस जोडलेला नसला, किंवा उपग्रह सापडले नाहीत, की ट्रान्सपाँडर हे आकडे पाठवतो. म्हणजे ती जहाजं खोटं बोलत नाहीत गं. ‘मी कुठं आहे मला ठाऊक नाही’ असं ती प्रामाणिकपणे सांगतात, आणि तू ते वाक्य मीटरमध्ये भाषांतरित केलंस.

भाषांतर करताना काय झालं ते बघ. मर्केटरचा वाय म्हणजे पृथ्वीची त्रिज्या गुणिले टॅनचा लॉग. टॅनच्या आत ४५ अंश अधिक अर्धा अक्षांश. अक्षांश ९१ घातला की आत ९०.५ अंश होतात, त्याचा टॅन उणे येतो, आणि उणे संख्येचा लॉग वास्तव संख्यांत नाहीच. पायथॉनचं साधं मॅथ वापरलं असतंस तर ते तिथंच बोंब मारून थांबलं असतं. तू नम्पाय (पायथॉनची आकडेमोडीची लायब्ररी) वापरलंस ना? (वापरलंच असशील, सगळे वापरतात.) नम्पाय कोपऱ्यात एक वॉर्निंग पुटपुटतं आणि हातात नॅन ठेवून मोकळं होतं. लॉगफाइल कोण वाचतो!

आता क्षेत्रांचं. ‘सगळीकडे’ म्हणजे उणे ९० ते अधिक ९० असा चौकोन केलास आणि त्याच फंक्शनमधून काढलास. गंमत बघ: उणे ९० घातलं की टॅनच्या आत शून्य येतं, शून्याचा लॉग उणे अनंत. अधिक ९० घातलं की कागदावर अधिक अनंत यायला पाहिजे, पण काटकोनाचा नेमका आकडा फ्लोटमध्ये (संगणकाच्या दशांश आकड्यात) बसत नाही, केसभर कमी पडतो. म्हणून टॅन येतो साधारण १.६ गुणिले १० चा १६ वा घात, आणि वाय येतो २३.८ कोटी मीटर. म्हणजे २ लाख ३८ हजार किलोमीटर. पृथ्वीचा घेर ४० हजार! तुझ्या एजंटाचं क्षेत्र वर चंद्राच्या अर्ध्या वाटेच्या पुढं गेलंय आणि खाली त्याला तळच नाही. म्हणून तर नकाशेवाले ८५.०५११ अंशांवर जग कापतात. तिथं वाय बरोबर एक्सच्या टोकाएवढा, २,००,३७,५०८ मीटर होतो आणि नकाशा चौरस बसतो.

आता तुझी तपासणी का फसली. पायथॉनमध्ये नॅनशी लहान-मोठ्याची कुठलीही तुलना खोटी निघते. मर्यादेपेक्षा मोठा आहे का? नाही. लहान आहे का? नाही. मग सोड आत. चौकीदार विचारतोय ‘चोर आहेस का?’, आणि नॅन सगळ्यालाच ‘नाही’ म्हणतो. प्रश्न उलटा विचारायचा: ‘मर्यादेच्या आत आहेस का?’ नाही म्हणाला की बाहेर. पोस्टग्रेसचं आणखी वेगळंच. तिथं नॅन स्वतःएवढाच मानतात आणि सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा मानतात, अनंतापेक्षाही. नाइलाज आहे त्यांचा. क्रम लावता आला नाही तर बी-ट्री (क्रमानं लावलेला नेहमीचा इंडेक्स) उभीच राहणार नाही. म्हणून तर कमाल काढल्यावर तुला नॅन दिसला. एकच वाक्य पायथॉनात आणि एसक्यूएलमध्ये लिहिलंस तर दोन वेगळी उत्तरं मिळतील, हे डोक्यात ठेव.

आता इंडेक्स. हे जरा निवांत सांगतो, कारण ‘नॅन आला, इंडेक्स बिघडला’ एवढ्यावर लोक थांबतात आणि नेमकं काय बिघडतं ते कुणी बघत नाही.

तुझा जिस्ट इंडेक्स आतून आर-ट्री नावाचं झाड आहे. आर-ट्री अँटोनिन गुटमननं १९८४ साली मांडली. नॅन आणि अनंत यांचे नियम ठरवणारं आयईईई ७५४ हे प्रमाण आलं १९८५ ला. म्हणजे झाड नॅनपेक्षा एक वर्षानं थोरलं! (गंमत म्हणून सांगितलं, त्यातून काही सिद्ध होत नाही.) झाडाची रचना अशी की प्रत्येक पानावर एक मांडव घातलेला असतो. पानातल्या सगळ्या वस्तू झाकेल एवढा, जास्त नाही. नवा पाहुणा आला की प्रत्येक मांडवाला विचारतात, ‘याला घ्यायचा तर किती ताणावं लागेल?’ ज्याला सगळ्यांत कमी ताणावं लागेल तिथं पाहुण्याची सोय. या ताणण्याच्या किमतीला कोडमध्ये पेनल्टी म्हणतात.

पोस्टजीआयएसच्या द्विमितीय इंडेक्समध्ये हा मांडव चार फ्लोटांचा असतो, ३२ बिटवाल्या. एकूण १६ बाइट. आकडे बाहेरच्या बाजूला गोल करतात, म्हणजे मांडव कधी अपुरा पडत नाही, झाला तर किंचित मोठा होतो. आपल्याकडच्या ७३ रेखांशावर अंशांत साठवलंस तर हे ‘किंचित’ म्हणजे जेमतेम ८० सेंटिमीटर. त्याची फिकीर नको. पण एखादी बाजू नॅन किंवा अनंत निघाली, तर पोस्टजीआयएस ती बाजू फ्लोटच्या शेवटच्या टोकाला नेऊन ठेवतं. टोक म्हणजे ३.४ गुणिले १० चा ३८ वा घात. हे मी सोर्समध्ये वाचलंय, आणि त्यांचा विचार बरोबर आहे: इंडेक्समध्ये नॅन शिरू द्यायचा नाही, आणि ओळ हरवूही द्यायची नाही.

म्हणून तुझं प्रत्येक ९१ वालं जहाज इंडेक्सच्या दृष्टीनं ठिपका नाही. १८१ रेखांशावर उभी, वर-खाली अंत नसलेली काठी आहे. अशी एक काठी जयगडच्या पाच-पंचवीस ठिपक्यांच्या पानात पडली की त्या पानाचा मांडव जयगडपासून थेट नकाशाच्या उजव्या कडेबाहेर, आणि वर-खाली विश्वाच्या टोकापर्यंत. त्या पानाचा बाप तेवढाच, आजोबा तेवढाच. या पट्ट्यातली कुठलीही क्वेरी त्या वाटेनं खाली उतरणारच.

एक काठी असती तर काही बिघडलं नसतं. चार पानं जादा वाचली असती, तुला कळलंही नसतं. खरी गोम पुढं आहे. हा मांडव एकदा एवढा पसरला की नव्या पाहुण्याला तो म्हणतो, ‘ये की, मला काहीच ताणावं लागत नाही!’ शेजारचा नीटनेटका छोटा मांडव बिचारा म्हणतो, ‘मला दहा मीटर सरकावं लागेल.’ पाहुणा कुठं जाणार? जो ठिपका आधीच एखाद्या छोट्या मांडवात पूर्ण बसतो तो वाचूही शकतो.  पण चालतं जहाज सतत थोडं पुढं सरकत असतं, सतत थोडा ताण मागतं. ती सगळी गर्दी त्या पसरलेल्या मांडवात, म्हणजे धर्मशाळेत. धर्मशाळा भरली की पान फुटतं, काठ्या एका बाजूला गेल्या तर नशीब. नाही गेल्या की दोन धर्मशाळा. म्हणून रीइंडेक्सनंतर दोन दिवस बरं, मग परत तेच.

पोस्टग्रेसचा स्वतःचा पॉइंट आणि बॉक्स टाइप वापरणाऱ्यांसाठी आणखी एक खाच. तिथं टोकाला नेऊन ठेवणं नाही, अनंत खरंच अनंत राहतो. ताणाची किंमत म्हणजे नवं क्षेत्रफळ वजा जुनं. अनंत वजा अनंत म्हणजे नॅन. आणि जिस्टच्या कोडमध्ये लिहिलंय: पेनल्टी नॅन किंवा उणे आली तर शून्य समज. शून्य म्हणजे फुकट! वाट वेगळी, मुक्काम त्याच धर्मशाळेत.

तिसऱ्या तक्रारीचं आता तुलाच कळलं असेल. ‘सगळीकडे’ या क्षेत्राची चौकट इंडेक्समध्ये प्रचंड आहे, म्हणून इंडेक्स प्रत्येक जहाजाला ‘हो’ म्हणतो. पण त्यानंतर खरी भूमिती तपासतात, आणि तिथं उणे अनंताच्या कोपऱ्यांवरून गुणाकार-वजाबाकी करून ‘बिंदू रेषेच्या डावीकडे की उजवीकडे’ ठरवायचं असतं. अनंत वजा अनंत आलं की तिथं जे उत्तर येईल त्यावर भरवसा नाही. तुझ्याकडे ‘नाही’ आलं. दुसऱ्या एखाद्या आकाराला ‘हो’ही येईल.

आणि जेसन. पायथॉन नॅनला बिनदिक्कत नॅन म्हणून जेसनमध्ये छापतो. जेसनच्या व्याकरणात नॅनही नाही आणि अनंतही नाही. ब्राउझर पहिल्या नॅनला अडखळतो आणि अख्खी यादी फेकून देतो. एक ९१ वालं जहाज चौकटीत आलं की सगळं आरमार बुडालं.

उपाय जेवून लिहितो.


चहा_आणि_कोड
मंगळवार, दुपारी १२.१५

बापू, माझं रीइंडेक्स मागे घेतो 🙏 धर्मशाळा डोक्यातून जाणार नाही आता.


बापू_सांगली
मंगळवार, दुपारी २.३०

उपाय.

उलगडतानाच १८१ आणि ९१ ओळखायचे, मर्केटरच्या आधी. भूमितीच्या कॉलमात नल (‘किंमतच नाही’) टाकायचा. वेग १०२.३, दिशा ५११ यांचंही तसंच, नाहीतर उद्या सरासरी वेग काढशील आणि रत्नागिरीच्या खाडीत विमानं धावतील. ओळ मात्र ठेव. अमुक जहाज अमुक वेळेला बोललं, पण जागा सांगितली नाही, ही माहितीच आहे. जिस्टला नल चालतो, चौकटीच्या क्वेरीत तो कधीच येत नाही.

मग टेबलावर चेक (प्रत्येक ओळीनं पाळायची अट) लाव: एक्स आणि वाय दोन्ही उणे ते अधिक २,००,३७,५०९ च्या ‘दरम्यान’. नॅन सगळ्यांत मोठा असल्यामुळं पोस्टग्रेसमध्ये हा चेक नॅनलाही अडवतो, अनंतालाही, १८१ लाही. पण इथं एक चोरदार आहे. पॉइंट एम्प्टी, म्हणजे रिकामा बिंदू, याचा एसटी_एक्स नल येतो, आणि चेकमध्ये नल आला तर पोस्टग्रेस ‘पास’ समजतं. म्हणून ‘रिकामा नसावा’ ही अट वेगळी लिही. गंमत अशी की तुझा एक्ससुद्धा नॅन झाला असता आणि डब्ल्यूकेबीतून (भूमितीच्या बायनरी रूपातून) आत आला असता, तर पोस्टजीआयएसनं तो रिकामा बिंदूच समजला असता. डब्ल्यूकेबीत रिकामा बिंदू लिहायची रीतच ती आहे, दोन्ही आकडे नॅन. एक्स शहाणा निघाला म्हणून वाय पकडला गेला नाही.

आधीच शिरलेल्या ६१ हजार ओळींसाठी: वाय बरोबर नॅन असं थेट विचार, पोस्टग्रेसमध्ये ते चालतं. त्यांची भूमिती नल कर, मग व्हॅक्यूम, मग रीइंडेक्स. त्याच क्रमानं.

‘सगळीकडे’ला आकारच देऊ नकोस. एक बूलियन (हो/नाही) कॉलम घाल, ‘सर्वत्र’. जुळणी करताना ‘सर्वत्र असेल किंवा क्षेत्रात असेल’. जगभराचा चौकोन ८५.०५ वर कापूनही भागेल, पण मग उद्या कुणीतरी त्याचं क्षेत्रफळ काढेल.


मायएसक्यूएलवाला_नाशिक
मंगळवार, संध्याकाळी ६.५०

बापूंचा नल आमच्याकडे चालत नाही हो. मायएसक्यूएलमध्ये स्पेशियल इंडेक्स हवा तर कॉलम नॉट नल लागतो. आम्ही ट्रॅक्टरच्या जीपीएससाठी शून्य-शून्य, म्हणजे शून्य अक्षांश, शून्य रेखांश टाकतो. द्राक्षबागा काही गिनीच्या आखातात नाहीत, त्यामुळे गोंधळ होत नाही. एक मात्र चांगलं आहे, आठव्या आवृत्तीपासून ४३२६ (अंशांतल्या अक्षांश-रेखांशांची पद्धत) लावलं की अक्षांश ९१ ला सरळ एरर येतो. आत शिरायचा प्रश्नच नाही.


बापू_सांगली
मंगळवार, संध्याकाळी ७.३०

ट्रॅक्टरला शून्य-शून्य चालेल. जहाजाला कसं चालेल? तिथं खरंच समुद्र आहे, जहाजं जातात, आणि नेमकं त्या जागी एक हवामानाचा बोया बरीच वर्षं नांगरलेला होता. ‘माहीत नाही’ यासाठी खरी जागा वापरायची नाही, मग ती कितीही ओसाड असो. शिवाय शून्य-शून्यवरून दुसरी धर्मशाळा उघडते. लाखो ठिपके एका जागी, पान फोडायला गेलं तर फोडायचं कुठं? तुमच्याकडं नल चालत नसेल तर जागा असलेल्या नोंदींचं टेबल वेगळं ठेवा आणि जागा नसलेल्यांचं वेगळं. एररचं मात्र तुमचं खरं. मला तो स्वभाव आवडतो.


मायएसक्यूएलवाला_नाशिक
मंगळवार, रात्री ८.०५

दोन टेबलं म्हणजे दर रिपोर्टला युनियन. आमचे साहेब मानायचे नाहीत. पण मुद्दा पटला, निदान नव्या प्रोजेक्टमध्ये करतो.


वेळेचा_हिशेब
मंगळवार, रात्री ९.४०

एक जोडतो. बापूंनी अनंताला जरा जास्तच झोडपलंय. काही अनंत खरे असतात. आमच्याकडे क्षेत्रांना मुदत असते: ‘अमुक तारखेपासून पुढील सूचनेपर्यंत’. इथे शेवट माहीत नाही असं नाही, शेवट नाहीच. त्यासाठी ३१ डिसेंबर ९९९९ टाकणं म्हणजे शून्य-शून्यचाच सख्खा भाऊ.

पोस्टग्रेसचे रेंज टाइप (‘पासून-पर्यंत’ साठवणारे) यासाठीच आहेत, आणि त्यांच्या जिस्टमध्ये ही बाब विचार करून लिहिली आहे. एका बाजूने उघड्या रेंज, दोन्ही बाजूंनी उघड्या, रिकाम्या आणि साध्या, असे वर्ग पाडतात आणि पान फोडताना शक्यतो ते वेगळे ठेवतात. म्हणजे बापूंची धर्मशाळा तिथे मुद्दाम गावाबाहेर बांधली आहे. बॉक्ससाठी असं वर्गीकरण नाही, हा खरा फरक.

फक्त एक जपा. शेवट मोकळा सोडणं आणि शेवटी ‘इन्फिनिटी’ ही टाइमस्टॅम्पची किंमत लिहिणं हे दोन वेगळे. दुसऱ्या प्रकारात ‘वरची बाजू अनंत आहे का’ असं विचारलं तर पोस्टग्रेस ‘नाही’ म्हणतं, कारण त्याच्या लेखी ती एक किंमत आहे, मोकळी बाजू नव्हे. आमच्या टेबलात दोन्ही प्रकार मिसळले होते. एक आख्खा दिवस गेला त्यात.


बापू_सांगली
मंगळवार, रात्री १०.००

मान्य. झोडपलं ते मर्केटरमधल्या अनंताला. काळातला अनंत मी सोडून दिला होता, तुम्ही बरं केलंत.


सागरवेध
शुक्रवार, रात्री १०.२०

झालं! सविस्तर लिहिते, पुढे कुणाला सापडलं तर उपयोग होईल.

आधी नुसता प्रयोग केला. टेबलाची प्रत काढली, तिच्यातून ६१ हजार ओळींची भूमिती नल केली, इंडेक्स नव्याने बांधला आणि जयगडच्या धक्क्याची तीच क्वेरी बफर्ससकट (किती पानं वाचली ते दाखवत) दोन्हीकडे मारली. मूळ टेबलात इंडेक्सची पानं ३,४०० च्या वर वाचली जात होती. प्रतीत ५२. मग खऱ्या टेबलावर बापूकाकांच्या क्रमाने केलं. क्वेरी आता ३० मिलिसेकंदांच्या आत येते. तीन दिवस झाले, अजून तशीच आहे.

चेक लावताना लगेच एरर आला, म्हटलं परत काय. ४ ओळी निघाल्या, भूमिती रिकामा बिंदू. चोरदारातून आलेल्या! माझ्याच एका जुन्या स्क्रिप्टने घातलेल्या होत्या. ‘रिकामा नसावा’ ही अट नसती तर कधीच दिसल्या नसत्या.

‘सर्वत्र’ कॉलम घातला. त्या एजंटाला पहिल्याच तासात इतके मेसेज गेले की त्याने फोन करून बंद करायला सांगितलं. त्याला हवं होतं ते ‘सगळीकडे’ म्हणजे दाभोळ ते विजयदुर्ग.

जेसनसाठी पायथॉनला नॅन छापायला सरळ बंदी केली, ती सोय त्यात आहेच. आता नॅन आला तर माझ्याकडे एरर येतो, ब्राउझरपर्यंत जात नाही.

एक राहिलं. ६१ हजारांपैकी २५ हजारांहून जास्त ओळी एकाच एमएमएसआयच्या (जहाजाचा रेडिओ ओळखक्रमांक) निघाल्या. ४१९ ने सुरू होतो, म्हणजे भारतीय. नाव शोधलं तर एक टग, म्हणजे जहाजं ओढणारी बोट. गेले दोन महिने दर तीन मिनिटांनी सांगतेय की मी कुठे आहे मला माहीत नाही. काका, ती माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते.


बापू_सांगली
शुक्रवार, रात्री १०.४५

दर तीन मिनिटांनी म्हणजे नांगरलेली आहे, बरोबर. उद्या बंदरावर गेलीस तर सांग त्यांना, जीपीएसच्या अँटेनाची वायर बघा म्हणावं.


सागरवेध
रविवार, दुपारी १.१५

सांगितलं. वायर उंदराने कुरतडली होती. आज सकाळी ११.०८ ला ती पहिल्यांदा नकाशावर आली. १६.९९, ७३.२८.